प्रतिकारशक्ती कमी करण्याचं औषध

डॉक्टर मॅडमनी बायोप्सीचा रिपोर्ट टेबलावर पालथा ठेवला आणि बरोबर घरचं कोण आलंय, असं विचारलं. कुणीच आलं नव्हतं. आप्पांची दिवसपाळी होती आणि आईला एकटीला रिक्षाने दवाखान्यापर्यंत येणं जमत नाही. मी म्हटलं, मला सांगा, मी मोठी आहे.

"ॲप्लास्टिक ॲनिमिया," त्या म्हणाल्या आणि पुढचं सगळं गुजरातीत समजावलं.

हाडांच्या पोकळीत मऊ गर असतो, त्याला बोन मॅरो म्हणतात. मराठीत अस्थिमज्जा. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट्स तिथेच तयार होतात. माझा गर जवळजवळ रिकामा झाला होता. कारखाना उभा, पण मालच निघत नव्हता.

मी विचारलं, कॅन्सर आहे का?

"नाही. पण त्याच्याइतकंच गंभीरपणे घे."

बाहेर बाकड्यावर येऊन बसले. शेजारी एका कुटुंबाने डबा उघडला होता. त्यांनी मला थेपला पुढे केला. मी घेतला आणि हातात धरून बसून राहिले. कुणाला फोन करायचा तेच सुचत नव्हतं.

त्याआधीची लक्षणं सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी बाई हे वाचत असेल तर लाजून गप्प बसू नये. माझी पाळी थांबत नव्हती. मांडीवर निळे डाग उठत होते, कुठे आपटल्याचं आठवत नव्हतं. दात घासताना रक्त यायचं. आमच्या गल्लीतल्या बायका म्हणाल्या, लग्न झालं की होईल सरळ. जिना चढताना धाप लागली तेव्हा मी लोहाच्या गोळ्या घेतल्या. रक्ताची तपासणी फार उशिरा केली. तुम्ही लवकर करा.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे, राहतो गुजरातेत, लिंबायतच्या कामगार वस्तीत. आप्पा पॉवरलूमवर काम करतात. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. आप्पा कामगारांच्या सभांतून ती आणायचे आणि मी त्यांवरच वाचायला शिकले. पत्रकात पहिल्या ओळीत शत्रूचं नाव असतं. त्यामुळे आजार कळल्यावर मीही आधी शत्रू शोधला. मी सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाई कारखान्याच्या ऑफिसात काम करत होते. तिथल्या वासाने डोकं धरायचं. मी मॅडमना म्हटलं, हे त्या रसायनांमुळे झालं असं लिहून द्या.

"काही रसायनांनी हा आजार होऊ शकतो," त्या म्हणाल्या. "तुला त्यानेच झाला हे मला माहीत नाही. माहीत नसलेलं मी लिहीत नाही. बहुतेक पेशंटमध्ये कारण सापडत नाही."

मला त्यांचा भयंकर राग आला. आज वाटतं, त्या बरोबर होत्या. कारखान्यातल्या हवेबद्दल मी अजून लिहिते आणि लिहीत राहीन, पण माझा रिपोर्ट त्यात घुसडत नाही. कच्च्या पुराव्याने पक्की तक्रार मोडते.

मग हे केलं कुणी? मॅडमचं उत्तर होतं, तुझ्याच टी सेल्सनी.

टी सेल म्हणजे पांढऱ्या पेशींमधली एक जात. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, मज्जेतून निघालेल्या या पेशी तिथे पक्क्या होऊन बाहेर पडतात. टी हे अक्षर तिचंच. आपलं काय आणि परकं काय, याची पारख तिथे होते. आपल्याच शरीरावर उठणाऱ्या बहुतेक पेशी तिथेच संपवल्या जातात. ज्या सुटतात त्यांना आवरायला टी सेल्सचीच आणखी एक जात असते, तिला रेग्युलेटरी म्हणतात, म्हणजे लगाम धरणाऱ्या. माझ्या शरीरात हा लगाम सुटला होता, आणि मारणाऱ्या टी सेल्स माझ्याच रक्ताच्या मूळ पेशींवर तुटून पडल्या होत्या.

मॅडमनी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आधार द्यायची. पूर्वी समजत, हा गर आपोआप मरतो. मग संशोधकांना दिसलं की, दुसऱ्याची मज्जा देण्याआधी पेशंटची प्रतिकारशक्ती औषधाने दाबली, तर दिलेली मज्जा रुजली नाही तरी काहींची स्वतःचीच मज्जा पुन्हा जागी होते. म्हणजे ती पूर्ण मेली नव्हती, तिला कुणीतरी दाबून धरलं होतं.

माझ्या भावाची मज्जा माझ्याशी जुळली नाही. तेव्हा हाच रस्ता उरला. एटीजी नावाचं औषध. घोड्याच्या रक्तातून काढलेली, टी सेल्स मारणारी प्रतिद्रव्यं. आणि त्यापुढे अनेक महिने सायक्लोस्पोरिनच्या गोळ्या, उरलेल्यांना झोपवून ठेवायला.

एटीजीसाठी मला एकटीला एका खोलीत ठेवलं. अंगात पांढऱ्या पेशी नव्हत्या, साधी सर्दीही जिवावर बेतली असती. दाराला छोटी काच होती. औषध सुरू झालं की दात वाजतील इतकी थंडी भरायची, अंगावर गांध्या उठायच्या. सिस्टर पूर्ण झाकलेल्या यायच्या, काम करून जायच्या. माणसाचा उघडा चेहरा मला फक्त काचेपलीकडे दिसायचा.

आप्पा पाळी सुटली की यायचे. लूमच्या आवाजाने त्यांचे कान गेलेत, फोनवर त्यांना काही ऐकू येत नाही. पण लूमच्या खात्यात इतका खडखडाट असतो की तिथे सगळेच हातांनी बोलतात. आप्पा काचेपलीकडून तसंच बोलू लागले. चिमूट तोंडाशी नेली की जेवलीस का. तळहात आडवा धरून खाली दाबला की मशीन हळू कर, म्हणजे घाई करू नकोस. मुकादमाची नक्कल केली की आज तो खवळला होता. मी हसले की ते पुन्हा करायचे. ते गेले की काचेत फक्त पॅसेजमधली ट्यूबलाइट उरायची. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. माझं अंगही माझ्या बाजूला नव्हतं.

घरी सोडलं तेव्हा मज्जा जागी झालेली नव्हती. तीन ते सहा महिने लागतात, मॅडम म्हणाल्या, आणि काहींमध्ये होतच नाही. प्लेटलेट्स बाहेरून चढवत राहायचं आणि वाट बघायची. बाहेरचं खायचं नाही, गर्दी नको, कुणाला भेटायचं नाही.

आमच्यात आजारी माणसाला भेटायला न जाणं म्हणजे वैर. सगळी गल्ली दाराशी यायची आणि आई त्यांना ओट्यावरूनच परत पाठवायची, ओशाळून. प्रत्येकीचं एकच म्हणणं, पोरीची इम्युनिटी वाढव. मोबाइलवर, भिंतीवरच्या जाहिरातीत, किराणा दुकानाच्या पाटीवर हेच.

आई मला रोज एक मेथीचा लाडू द्यायची. "पोटमा काहीतरी जाऊ दे व माय," म्हणायची. मेथी कडूच असते, मी खात होते.

नेहमीच्या तपासणीत लिव्हरचे आकडे चढलेले निघाले. मॅडमनी सायक्लोस्पोरिन थांबवलं. थांबवणं म्हणजे झोपवलेल्या टी सेल्सना उठायला मोकळीक. त्यांनी विचारलं, बाहेरचं, देशी काही घेतेस? मी नाही म्हटलं. सोबत आलेली आई मात्र अभिमानाने म्हणाली, मी देते, लाडवात गुळवेलीची पूड घालते. शेजारच्या कमलमावशींनी गावाकडच्या कडुलिंबावरची गुळवेल मुद्दाम मागवली होती.

मॅडम ओरडल्या नाहीत. खुर्ची आईच्या जवळ ओढून म्हणाल्या, "बेन, आपण हिची प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी करतोय. तुम्ही ती वाढवताय. आणि काहींच्या लिव्हरला गुळवेल सोसत नाही."

मी मात्र रिक्षात ओरडले. अडाणीपणा, अंधश्रद्धा, पत्रकांतले सगळे शब्द मी आईवर रिकामे केले. त्यानंतर तिने माझं ताट दाराशी ठेवायला सुरुवात केली. स्वयंपाक वहिनीला करायला सांगायची, स्वतः भाजीला हात लावायची नाही. दवाखान्यातल्या खोलीला निदान काच होती. आता आम्ही एका घरात होतो आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

लिव्हर हळूहळू शांत झालं, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मधल्या काळात किती नुकसान झालं हे कुणालाच सांगता येईना. एका संध्याकाळी मी मास्क लावून आईजवळ ओट्यावर बसले आणि मॅडमनी मला सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. थायमस, लगाम, सगळं. तिने एकच प्रश्न विचारला, "मंग त्या पेशीस्ले समजत नही का, हाई आपलंच घर शे?" मी म्हटलं, नाही समजत, आई. दुसऱ्या दिवशी ती ताट घेऊन आत आली.

काही आठवड्यांनी प्लेटलेट्स न चढवता टिकल्या. मॅडमनी आकडा दोनदा पाहिला आणि पहिल्यांदाच हसल्या. मज्जा थोडी जागी झालीय, पूर्ण नाही, कदाचित होणारही नाही, पण जगता येईल इतकी. परत उलटू शकतं, हेही त्यांनी सांगितलं.

हे वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे. तुमच्या पेशंटला लढवय्या म्हणू नका. माझ्या अंगात लढायची खुमखुमी कमी नव्हती, तिनेच मला इथे आणलं. मी अजूनही भांडते, पण समोर कोण आहे ते आधी नीट बघते. मॅडमचे, ज्यांची नावंही मला माहीत नाहीत त्या रक्तदात्यांचे, आणि आयुष्यभर थायमसमधल्या कोवळ्या पेशी निरखत बसलेल्या त्या दूरच्या संशोधकांचे माझ्यावर उपकार आहेत.

परवा कमलमावशी पुन्हा आल्या, हातात काढ्याचा तांब्या. मी आतून ऐकत होते. आई त्यांच्यापुढे कधी मान वर करून बोललेली नाही. ती दारात आडवी उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "जिजी, राखणना कुत्रा घरनाच पोरले चावाले लागना, ते त्याले आजून भाकर घालतस का?"

मावशी म्हणाल्या, "नही व बाई." आणि आईने त्यांच्या हातातला तांब्या घेऊन तो मोरीत ओतला.