आडवा काप

"दगड मेलेला होता, तसं मी बाईंना सांगितलं. विषय संपला."

"मेलेला नव्हता, बाबा. तुम्ही आडवा कापलात."

"आता तू मला शिकवणार? तुझं लग्न व्हायच्या आधीपासून मी पात्यावर बसतोय."

"म्हणून तर विचारते. तुम्हाला कळलं कसं नाही?"

सुनेने पात्याखालच्या गाळाच्या बादलीतून शोधलेला बाईंच्या दगडाचा अर्धा तुकडा पाण्यात बुडवला आणि दिव्याखाली हळूहळू फिरवला. कापलेलं तोंड नुसतं करडं. कडेला मात्र नखाएवढी निळाई लखकन चमकून गेली. म्हाताऱ्याने मान पुढे केली खरी, पण त्याला दिसलं ते दिव्याचं पिवळट धुकं.

लॅब्राडोराइट मोठा लबाड दगड. कोरडा असला की रस्त्यावरची खडी. तो भिजवून फिरवायचा, झळाळ कुठे पसरतो ते हेरायचं, तिथे पेन्सिलीने रेघ मारायची, मगच पात्याखाली घालायचा. रेघ चुकून झळाळाला आडवी गेली की झळाळ गेला. मग कितीही घासा, हाती करडी फरशी. त्या एका रेघेवर म्हाताऱ्याचं नाव झालं होतं. अकीक, पिरोजा असले साधे खडे लोक कुठेही कापायला देत. झळाळाचा दगड 'रेघवाल्या काकां'कडेच यायचा. रेघ मारण्याआधी दुसऱ्याला विचारणाऱ्या कारागिरांची त्याने जन्मभर टिंगल केली होती. म्हणायचा, एवढ्याशा दगडाला पंचायत कशाला बसवता?

वर्षभर डोळ्यांवर साय धरली होती. त्याने कोणाला पत्ता लागू दिला नाही. मास्तरीणबाईंच्या दगडावर रेघ मारली ती अंदाजाने. सून चार हातांवर बसलेली, हाक मारायचा अवकाश होता. त्याने मारली नाही.

दगड बाईंच्या यजमानांनी डोंगरातून पाठीवर वाहून आणलेला. ते गेले, कापायचं राहून गेलं. परवा म्हाताऱ्याने बाईंना दगडातच दम नसल्याचं सांगितलं, तर त्या उलट त्याचीच समजूत घालायला लागल्या. आमच्या ह्यांना दगडातलं कळत नव्हतंच, म्हणाल्या, वर हसल्याही. ते हसू म्हाताऱ्याला अजून ऐकू येत होतं.

"गेलेल्या माणसाला तुम्ही वेडा ठरवलंत," सून हळूच म्हणाली. "आणि तेही बाईंच्याच तोंडून."

तेवढ्यात बाई दारात आल्या. कापून राहिलेला दुसरा अर्धा दगड न्यायचा होता. दार वाऱ्याने आपटतं, अडवायला होईल, म्हणाल्या. म्हाताऱ्याने ओला तुकडा त्यांच्या हातात दिला.

"बाई, कडेला बघा. जरा तिरका धरा."

बाईंनी धरला. निळाई उमटली की नाही, ते त्याला दिसेना. बाईंचा श्वास अडकला, तेवढं ऐकू आलं.

"दगड चांगला होता. तुमच्या यजमानांची नजरही चांगली होती. मला दिसत नाही आताशा, आणि मी ते लपवलं. कापला मी चुकीचा, खोटं बोललो तेही मीच."

सुनेने मागे फिरत असलेलं घासायचं चाक बंद केलं.

"लहानसा तुकडा अजून निघेल," तो म्हणाला. मान वर होत नव्हती. "मी हात लावणार नाही. सून कापेल. ठेवून जाता का?"

बाईंनी हातातला आणि राहिलेला, दोन्ही तुकडे पदराने कोरडे केले, पिशवीत घातले आणि पायऱ्या उतरून गेल्या.