शेजाऱ्याची सही

एर्सीलिया मोन्तुफारचा देश कोणता ते मी सांगणार नाही. अब्रू जायची तेवढी गेली आहे. मध्य अमेरिकेतल्या एका चिमुकल्या देशाच्या औषध कचेरीत ती वर्षानुवर्षं नव्या औषधांची कागदपत्रं तपासत होती. एकेका गोळीवर ती इतके प्रश्न काढी की कंपनीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळे. या दराऱ्याचा तिला भारी अभिमान होता, आणि का नसावा?

त्या वर्षी अँटिग्वा नावाच्या जुन्या शहरातल्या एका हॉटेलात आसपासच्या देशांतल्या तपासनीसांची परिषद भरली. विषय होता एकमेकांच्या तपासणीवर विसंबून कामं लवकर कशी उरकायची. माणसं मोजकी, अर्जांचे ढीग. शेजाऱ्यानं नीट तपासलेलं औषध आपण पुन्हा कशाला तपासायचं? एर्सीलियानं व्यासपीठावरून मुलांच्या तापाच्या एका सिरपचं उदाहरण दिलं.

"शेजारच्या देशातल्या दॉन वाल्तेरसारखा काटेकोर तपासनीस ज्याला मंजुरी देतो," ती म्हणाली, "त्यावर मी डोळे मिटून सही करते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कॉफीच्या सुट्टीत दॉन वाल्तेरच गरम तमाल, म्हणजे पानात वाफवलेला मक्याच्या पिठाचा उंडा, सोलून खात तिच्याकडे आला. निवृत्तीला टेकलेला, गोड माणूस.

"काय हो बाई, भर सभेत हरभऱ्याच्या झाडावर चढवलंत मला! पण त्या सिरपचं श्रेय तुमचं."

"माझं कसं?"

"असं काय करता? तुमची मंजुरी होतीच की आधीची. एर्सीलियाबाईंच्या हातून निघालंय म्हटल्यावर आम्ही कशाला फाइल उघडतोय! दिला शिक्का ठोकून."

"अहो, ती तात्पुरती होती! तुमची तपासणी होईपर्यंतची. तुमचा शिक्का बघून मी ती कायम केली."

"म्हणजे तुम्ही तपासलंच नाही?"

"आणि तुम्ही?"

दॉन वाल्तेरनं उरलेला तमाल पुन्हा पानात गुंडाळला.

एर्सीलियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन्ही देशांतली पोरं ते सिरप पीत होती. ते वाईटच असेल असं नव्हे; पण चांगलं आहे की नाही हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असणं हेच तर तिचं काम.

"गप्प बसू या," दॉन वाल्तेर कुजबुजला. "घरी जाऊन गुपचूप तपासू. कुणाला कळतंय?"

क्षणभर तिला हायसं वाटलं. तसं वाटल्याचीच तिला जास्त शरम वाटली.

सुट्टी संपताच ती आपणहून पुन्हा व्यासपीठावर चढली. "सकाळी मी ज्याची फुशारकी मारली, ते सिरप आम्हा दोघांपैकी कुणीच तपासलेलं नाही," ती म्हणाली. तिचे कान तापले होते, आवाज चिरकत होता. समोरचे तपासनीस माना खाली घालून टिपून घेऊ लागले. कुणी हसलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तरी परवडलं असतं.

मागच्या रांगेत एका बेटावरच्या देशाची तपासनीस, ओदालीस, उभी राहिली.

"पण बाई, आम्ही तर तुम्हा दोघांच्या मंजुऱ्या बघून ते घेतलं. आमच्या मुलांच्या दवाखान्यात तेच एक सिरप देतात. आता काय करू?"

एर्सीलियाला तिच्याकडे बघवेना. तरी तिनं बघितलं.

"आजच थांबवा," ती म्हणाली. "आणि माझी सही बघून आणखी काही घेतलं असेल, तर तेही तुम्ही स्वतः वाचा."