रबरी फुप्फुसावर केलेली चूक

मंडळी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आज मला पोरांचा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू?

सकाळी नगरला डॉक्टर पुतणीच्या हॉस्पिटलात गेलो होतो. ती शिकाऊ डॉक्टरांना व्हेंटिलेटर शिकवत होती. पेशंटच्या जागी रबरी फुप्फुस. एका पोरानं श्वासाचा वेग भलताच वाढवला. मशीन बोंबलायला लागलं, सगळे हसले. पुतणी म्हणाली, "पुन्हा कर."

ते दोन शब्द मला फार लागले.

बहात्तर साली नगरलाच मी शिकाऊ डॉक्टर होतो. मशीन नव्हतं, हाताने दाबायची पिशवी होती. तिसगावच्या एकाला मण्यार चावली होती, श्वास बंद पडला होता. दाबून दाबून माझे हात भरून आले, तेव्हा पिशवी त्याच्या भावाला दिली. म्हणालो, "तुम्ही श्वास घ्याल तशी दाबा."

भाऊ घाबरून धापा टाकत होता. पिशवीही तशीच भराभर दाबत राहिला. आत गेलेली हवा बाहेर यायला वेळच मिळेना. माझ्या लक्षात येईपर्यंत पेशंट गेला.

"डाक्टर, माजं काय चुकलं का वो?"

"नाही," एवढंच म्हणालो. माझं चुकलं, हे आज पहिल्यांदा सांगतोय.

तुम्हाला कधी कुणाच्या चुकीचा हेवा वाटलाय?