सोंग नव्हे

छावणीतल्या दवाखान्यात मी नर्स होते, तेव्हा एक बाई नेहमी यायची. कधी डोकं दुखायचं, कधी छाती धडधडायची. तपासण्यांत काही निघायचं नाही. बाकावर बसली की शेजारच्याचं दुखणं मन लावून ऐकायची. स्वतःचं विचारलं तर पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणायची, "तसं काय लई नाय."

ती कामाला जायची ती कंपनी बंद पडली होती. नवरा ट्रकवर, महिनोन्‌महिने बाहेर. ती मोठ्या जावेकडं राहायची. काम नको म्हणून सोंग करते, असं त्या घरात सगळे म्हणत.

एकदा आमच्या डॉक्टरीणबाईंनी तपासायची नळी बाजूला ठेवून विचारलं, "झोप लागते का? जेवण जातं? रडू येतं?"

या खेपेला ती सगळंच बोलली.

"हा मनाचा आजार आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषधानं आणि बोलण्यानं बरा होतो."

"म्हंजे मी सोंग करत नाय ना?"

"नाही."

ती तडक उठली. जिच्यापुढं एरवी तिची मान वर होत नसे, त्या सोबत येऊन बाहेर बसलेल्या जावेला तिनं दार उघडून हाक मारली. "जाऊबाई, आत या. डॉक्टरीणबाई काय म्हणतेत ते तुमच्या कानानं ऐका."

जावेनं उभ्यानंच ऐकलं. मग स्टूल ओढून ती तिच्याजवळ बसली.

"कधीपासून होतंय गं तुला असं?"

घरच्या माणसानं तिला हे पहिल्यांदाच विचारलं होतं. मी बाहेर आले, दार लोटलं आणि पुढच्या पेशंटला म्हटलं, "थोडं थांबा, वेळ लागंल."