धुतलेल्या शालीचा वास

इथले गूढ अनुभव मी वर्षभर वाचतेय, पण खरं सांगू? चहासोबत टाईमपास म्हणून. वाचता वाचता निलेशला, म्हणजे नवऱ्याला, म्हणायचे, "या लोकांना झोप नीट लागत नसेल." मी औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. जे मोजता येत नाही त्यावर सही करायची नाही, ही पंधरा वर्षांची सवय. तेव्हा आज मी स्वतःच लिहायला बसलेय म्हटल्यावर निलेश हसणारच. हसू दे.

मुलुंड पूर्वेला आमचा वन बीएचके, तिसरा मजला. घरात मी, निलेश आणि माझ्या सासूबाई – मी त्यांना आईच म्हणते. आई मूळच्या मालवणकडच्या. स्वभाव फणसासारखा, काटे आधी लागतात. त्यांच्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण सगळं तिच्यावरच आहे – कोविडमध्ये त्यांना वास येणं बंद झालं ते परत सुरू झालंच नाही. दूध करपून भांडं काळं होतं तरी शेजारी उभं राहून त्यांना पत्ता नसतो. दोन डॉक्टर झाले, फरक शून्य.

आमची रोझी आली ती मरोळच्या गावठाणातून. सहा वर्षांची, राखाडी-पांढरी, भित्री मांजर. तिला सांभाळणारी म्हातारी वारली होती. म्हातारीची भाची लोर्ना माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या ओळखीची. एका गुरुवारी संध्याकाळी लोर्ना रोझीला बास्केटमधून घेऊन आली, सोबत म्हातारीची लोकरीची मरून शाल. जाताना दारात मला म्हणाली, "हे बघ, बाकी काय पण कर, पण शाल धुवू नको हां. तिला मावशीचा वास लागतो."

आता इथे माझी चूक. आमच्या घरात गेलेल्या माणसाचं पांघरूण ठेवत नाहीत. आईंना खरं सांगितलं असतं तर शाल जिन्यातूनच परत गेली असती. म्हणून मी बिनधास्त थाप मारली – त्या बाई मुलाकडे कॅनडाला गेल्या!

रोझी ओट्याखाली सिलिंडरच्या मागे जाऊन बसली. मी शाल तिथेच सरकवली. रात्री ती शालीवर आली, थोडं खाल्लं. शुक्रवारी सकाळी पुन्हा चार घास. वाटलं, झकास, आठ दिवसांत रुळेल.

शुक्रवारी दुपारी मी ऑफिसात असताना लोर्नाचा घरच्या फोनवर फोन आला. आईंनी सहज विचारलं, कॅनडात थंडी कशी आहे? झालं, वाट लागली. संध्याकाळी मी आले तर शाल गॅलरीत दोरीवर. गरम पाणी, साबण, वर दोन झाकणं डेटॉल.

"आई, धुतलीत?"

"मगे काय करू? मेलेल्या माणसाचा पांघरूण चुलीकडे? आणि तू माझ्याशी खोटा बोललंस!"

मी दोरीवरून शाल उतरवली. 

त्या दुपारपासून रोझीने खाणं सोडलं. वाळलेली शाल मी पुन्हा आत सरकवली, तिने हुंगली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. आईंनी शाल उचलून भंगारात द्यायला म्हणून गॅलरीत ठेवली. शनिवार सगळा गेला – चिकन नाही, दूध नाही, विकतचं खाणं नाही. पाणीसुद्धा नाममात्र. प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर लिव्हरवर येतं, सोमवारी सकाळी घेऊन या, नळीने भरवावं लागेल. आणि अशी घाबरलेली असेल तर काही सांगता येत नाही.

फोन स्पीकरवर होता. आईंनी ऐकलं. रविवारी सकाळी त्यांनी स्वतः बाजारात जाऊन बांगडा आणला, उकडला, काटे काढले आणि पाट घेऊन ओट्यासमोर बसल्या. "खा गो बाय. माझ्यावर राग धर, पण अन्नावर धरू नको." दोन तास! त्या अंधारातून फक्त दोन डोळे दिसायचे. मला रडू येत होतं. जिचं माणूस गेलं, घर गेलं, तिच्याकडे एकच गोष्ट उरली होती आणि तीही माझ्या थापेमुळे गेली.

सव्वाचारची वेळ. लख्ख ऊन होतं, खाली मुलं क्रिकेट खेळत होती. चहाचं दूध नेहमीसारखं उतू जाऊन करपलं, मी धावत येऊन गॅस बंद केला, आई तिथेच बसल्या होत्या आणि त्यांना कळलंही नव्हतं. एवढ्यात त्या उठल्या, गॅलरीतून शाल घेऊन आल्या. "निदान ऊब तरी मिळात," म्हणाल्या आणि ती मांडीवर पसरून बसल्या. मग एकदम थांबल्या.

"अगो, हिका लवंगेचो वास येता."

मला आधी अर्थच लागला नाही. ज्यांना समोरचं करपलेलं दूध कळत नाही त्या मला वास सांगतायत! मी शाल ओढून नाकाला लावली. साबण. थोडा डेटॉल. बस्स.

"आई, काही नाहीये."

"आसा. लवंग आसा, निलगिरी आसा. आणि..." त्यांनी डोळे मिटले. "मेणबत्ती विझवल्यार येता ना, तसो."

माझ्या अंगावर काटा आला, तो अजून आठवला की येतो. कारण त्याच क्षणी सिलिंडरमागे हालचाल झाली. रोझी बाहेर आली. पोट जमिनीला टेकवत, एकेक पाऊल. परवा हीच शाल हुंगून तिने तोंड फिरवलं होतं. आता तिने नाक खुपसलं ते काढेचना. मग आईंच्या मांडीवर चढली आणि पुढच्या पंजांनी कणीक तिंबावी तशी शाल तिंबायला लागली. आईंनी बांगड्याचा तुकडा पुढे केला. तिने खाल्ला. दुसरा खाल्ला. अर्धा बांगडा संपला.

आई रडत होत्या. म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांचा सगळा मी तेराव्याच्या आधीच धुवन वाटून टाकलंय. एक सदरो तरी ठेवक होयो होतो गो." सासरे गेल्यापासूनच्या बारा वर्षांत त्या हे पहिल्यांदा बोलल्या.

मी लोर्नाला फोन लावला. काहीच न सांगता विचारलं, तुझ्या मावशीला कसला वास यायचा?

ती हसली. "अगं, तिची दाढ दुखायची. डेंटिस्टकडे जायची नाही, चोवीस तास गालात लवंग. गुडघ्यांना निलगिरी. घरात शिरलं की कळायचं मावशी आहे."

"आणि मेणबत्ती?"

  "तुला कोणी सांगितलं? रोज संध्याकाळी प्रेयर करायची. रोझी मांडीवर, शालीत. प्रेयर संपली की फुंकर मारायची."

आता तुम्ही म्हणाल, लोर्ना शुक्रवारी आईंना बोलली असेल. मी दोघींना वेगवेगळं विचारलं. फोन दोन मिनिटांचा, कॅनडा आणि मावशी कधी वारली, एवढाच. बरं, सांगितलं असतं तरी मांजरीला कोणी सांगितलं? मग म्हटलं, आईंना पुन्हा वास यायला लागला असेल. खलबत्त्यात लवंग कुटून त्यांच्या नाकाखाली धरली – काही नाही. शेवटी ऑफिसात करतो तसं केलं. ही शाल आणि त्याच साबणाने धुतलेली माझी जुनी शाल, दोन सारख्या पिशव्यांत, आईंचे डोळे बांधून, पिशव्या मागेपुढे करत दहा वेळा. दहाही वेळा बरोबर. दहाव्या वेळी वैतागून म्हणाल्या, "माका काय वेडा समजतंस?"

याला आठ महिने झाले. रोझी आता फ्रिजवर झोपते आणि निलेशच्या मोज्यांवर तिचा दात आहे. दूध अजून करपतं. संध्याकाळी आई देवाजवळ दिवा लावतात, शाल मांडीवर घेतात, रोझी येऊन बसते. मी स्वयंपाकघरातून विचारते, "येतोय का?"

"येता."

एकदा घरी कोणी नसताना मी त्या शालीत तोंड खुपसून कितीतरी वेळ बसले होते. रोझी समोर बसून बघत होती. मला साबणाचाच वास आला, आणि खूप वाईट वाटलं.

 तुमच्यापैकी कोणाला याचं उत्तर सुचलं तर नक्की लिहा, मी सगळं वाचेन. फक्त कोणत्या लॅबला द्यायला शाल मागू नका. आई देणार नाहीत... आणि आता मीही नाही.