राईएवढे शंख

"पहिले टोक बघा, बाई. बाकी सगळं नंतर."

सर असं म्हणायचे आणि बारीक ब्रश ओठांत धरून ओला करायचे. मग त्या ओल्या ब्रशाने वाळूतला एक शंख अलगद उचलायचे. शंख केवढा, तर राईच्या दाण्याएवढा. तुम्ही असता तर कचरा समजून फुंकर मारली असती.

मी त्यांच्याकडे सकाळी पोळ्या करायला जात होते. आमच्या शिप्रेकाठच्या गावात, फ्रीगंजच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झालेले, पत्नी आधीच गेलेली, मुलगी पुण्याला. मालवणला दिलेली त्यांची बहीण दर दिवाळीनंतर किनाऱ्यावरची वाळू पावडरच्या रिकाम्या डब्यांत भरून पार्सलने पाठवायची. सर ती ताटात पसरायचे, शंख वेचायचे आणि जातीप्रमाणे होमिओपॅथीच्या बाटल्यांत ठेवायचे. घरात कपाटभर समुद्र होता, पण मिठाचा डबा रिकामा झालेला त्यांना कधी कळला नाही.

शेजारचा टेलर नदीतल्या गोगलगायींवरून चिडवायचा, "सर, अपनी शिप्रा में घोंघे कम पड़ गए क्या?"

"वहाँ भीड़ बहुत है, भैया. शरमाते हैं."

तेव्हा गल्लीत घरोघर केबल येत होती. सर म्हणायचे, "त्यांच्याकडे पंचवीस चॅनेल, माझ्याकडे एक मायक्रोस्कोप. पण माझ्याकडे जाहिराती नाहीत."

एकदा चहा ठेवून मी रेंगाळले, तर त्यांनी खुर्ची सोडली. "बघा." मी डोळा लावला. राईच्या दाण्यावर शिखरासारखे वळसे होते. सर म्हणाले, "शंख टोकापासून खाली वाढत जातो. टोक म्हणजे त्याचं बालपण. म्हातारा झाला तरी डोक्यावर घेऊन फिरतो."

मग पोळ्या झाल्या की मी अर्धा तास शंख निवडायला बसू लागले. तांदूळ निवडून डोळा तयार होता, तोंड मात्र उघडत नसे. "बाई, तुम्ही कधी बोलता का?" मी मान हलवायचे. "ठीक आहे. शंखसुद्धा बोलत नाहीत."

सरांची एकच इच्छा होती. आजवर कोणी नोंदली नाही अशी एक तरी जात आपल्या हातून सापडावी. चार वर्षं त्यांनी एका बाटलीत चिमुकले गुळगुळीत शंख जमवले होते, प्रत्येकावर एक भुरी पट्टी. त्या वाळूत धारीवाले, अंगावर कंगोरे असलेले मोठे शंखही यायचे, ते जुन्या ओळखीचे. हे लहान मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हते. या नव्या जातीला सर शिप्रेचं नाव देणार होते. भर उन्हात दोनदा कंप्यूटरच्या दुकानात जाऊन त्यांनी शास्त्राच्या मासिकासाठी लेख टाइप करून आणला आणि लिफाफा माझ्या हातात दिला. "पोस्टात रजिस्टर करून या."

मी रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला. खिडकीतला माणूस म्हणाला, "क्या भेजना है?"

"कुछ नहीं," मी म्हटलं आणि परत आले.

"एवढ्यात आल्या? पावती?"

मी लिफाफा टेबलावर ठेवला. "सर, ते मोठे धारीवाले शंख आहेत ना..."

"हां."

"त्यांचं टोक गुळगुळीत आहे. त्यावर हीच भुरी पट्टी आहे. हे लहानवाले वेगळे नाहीत, सर. ते त्यांचीच पोरं आहेत."

सर मायक्रोस्कोपावर वाकले. दिवा जवळ ओढला. एक डोळा लावला, मग दुसरा.

"मला टोक धुरकट दिसतं," ते म्हणाले. "मला वाटत होतं, शंखच झिजलेले आहेत."

मी पदराचं टोक पिळत उभी होते.

"तुम्हाला केव्हा दिसलं?"

"आठ दिवस झाले."

"आणि बोलल्या नाहीत?"

"तुम्ही खूश होतात."

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "छापून आलं असतं तर परक्यांनी सांगितलं असतं. घरातच कळलं, बरं झालं." मग म्हणाले, "वाढा." त्या दिवशी त्यांनी एकच पोळी खाल्ली. जेवण झाल्यावर मोठ्यांची आणि लहानांची, दोन्ही बाटल्या माझ्याकडून एका बाटलीत ओतून घेतल्या.

इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू नाही, डोळ्याच्या आतला पडदाच झिजला आहे. त्यानंतर दीड वर्ष मी बघायचे आणि सर लिहायचे, मोठ्या अक्षरात, ओळी एकमेकींवर चढत. "कसा आहे?" "चकलीसारखा." "काटे?" "आहेत, पण तळताना तुटल्यासारखे." सर हसायचे आणि त्याचं पुस्तकातलं नाव लिहायचे. सकाळभर त्या घरात माझाच आवाज असायचा. माझ्या घरी सांगितलं तर कोणी विश्वास ठेवला नसता.

मग मुलगी येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेली. त्यांना पोचवायला मी स्टेशनवर गेले. डब्यापासून जरा लांब, नळाजवळ उभी राहिले, कारण खिडकीशी त्यांचे जुने विद्यार्थी होते, मोठमोठी माणसं. गाडी हलली तसे सर खिडकीतून मला शोधू लागले. माझ्या पुढे, गाडीच्या बाजूला कोणी दुसरीच बाई उभी होती, माझ्यासारख्याच हिरव्या लुगड्यातली. सरांनी तिच्याकडे बघून हात हलवला, गाडी दूर जाईपर्यंत हलवत राहिले.

मी हाक मारली नाही. ती बाई भली होती. तिनेही हात हलवला.