प्लेटांखालचं गवत

मंडळी, आज सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितोय.

पुसेगावजवळच्या आमच्या गायरानावर सोलरच्या प्लेटा बसल्या, चारी बाजूंनी जाळी लागली. मेंढरांना ते काय कळणार? आजही सवयीनं तिकडंच गेली आणि जाळीला तोंडं लावून उभी राहिली. आत प्लेटांच्या सावलीत गुडघाभर गवत वाढलंय. ते यंत्रानं कापून फेकणं चाललं होतं.

राखणीला गावातलाच गणपत आहे. त्याला म्हणालो, "कापून फेकताच, तर माझी मेंढरं आत सोड की."

"मामा, वायर कुरतडली तर माझी नोकरी जाईल. अन् या प्लेटांसाठी ग्रामसभेत पहिला हात तुमीच वर केला व्हता. आता कशाला तक्रार?"

खरंच केला होता. शेताला दिवसा वीज मिळेल, पोराला रात्री साप-विंचवातून पाणी द्यायला जावं लागणार नाही, एवढंच डोक्यात होतं. तशी वीज आली. पोरगं आता रात्री घरी झोपतं. पण मेंढरं कुठं चरतील, हे मी मेंढपाळ असून विचारलंच नाही.

चारायला जागा नाही म्हणून मेंढरं विकायला पोरानं उद्या व्यापाऱ्याला बोलावलंय. तुमच्याकडं कुठं प्लेटांखाली मेंढरं चरू देतात का? त्यासाठी कुणाला भेटायचं? माहीत असेल तर आजच सांगा. मेंढरं परक्या माणसाच्या हाकेनं गाडीत चढत नाहीत. उद्या मलाच हाका माराव्या लागतील.